प्रसूती विभागाची तपासणी: टीममध्ये पहिल्यांदाच नाव आलेल्यांसाठी

हॉस्पिटलच्या प्रसूती विभागाची तपासणी करणाऱ्या टीममध्ये नाव आलं की पहिल्यांदा हातात पडते ती चेकलिस्ट, आणि तिची जाडी पाहूनच निम्म्या लोकांचा धीर सुटतो. राष्ट्रीय गुणवत्ता हमी मानकांची, म्हणजे एनक्वासची, लेबर रूमसाठी एक चेकलिस्ट आणि प्रसूतीच्या ओटीसाठी, म्हणजे ऑपरेशन थिएटरसाठी, दुसरी. दोन्हींत आठ भाग आहेत: सेवा, रुग्णाचे हक्क, साधनसामग्री, पूरक सेवा, उपचार, जंतुसंसर्ग नियंत्रण, गुणवत्ता व्यवस्थापन आणि परिणाम. केंद्र सरकारने डिसेंबर २०१७ मध्ये सुरू केलेल्या ‘लक्ष्य’ या प्रसूती सेवा सुधारण्याच्या कार्यक्रमातही याच चेकलिस्ट वापरतात. ती दोनदा वाचली की कळते, त्यासाठी लेखाची गरज नाही. ती हातात असताना डोळे कुठे ठेवायचे, एवढंच इथे सांगायचं आहे. तुम्ही नवे मेडिकल ऑफिसर असा, दुसऱ्या हॉस्पिटलातून बोलावलेल्या सिस्टर असा, की हॉस्पिटल मॅनेजर असा.

गोव्यात हे काम करताना एक गोष्ट आधी लक्षात घ्यावी. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) गोव्यातली ९९.७ टक्के बाळंतपणं हॉस्पिटलात झालेली दिसतात. बाई हॉस्पिटलात पोचते का, हा प्रश्न इथे सुटलेला आहे. पोचल्यावर तिचं काय होतं, हा उरला आहे. शिवाय राज्य लहान, त्यामुळे मातामृत्यू आकड्याने थोडे. तालुक्याच्या एखाद्या हॉस्पिटलात कित्येक वर्षांत एकही माता दगावलेली नसते. तेवढ्यावर कुणी विभाग सुरक्षित म्हणू लागलं तर मान डोलावू नका. बाळंतपणंच कमी असली तर मृत्यू न होणं हा नुसता योगही असू शकतो. इथली सुरक्षितता मरता मरता बचावलेल्या बायकांच्या कागदांत शोधावी लागते, आणि रात्री दोन वाजता कोण कुणाला फोन करतं यात.

जाण्याआधी

आधी आपला आपल्याशी हिशेब. गोवा एवढंसं. ज्या इनचार्ज सिस्टरची तपासणी करायची, त्या तुमच्या वाड्यावरच्या निघतील, नाहीतर बांबोळीच्या मेडिकल कॉलेजात शिकत असताना त्यांनीच तुमची कान उघाडणी केलेली असेल. नातं जवळचं असेल तर टीमप्रमुखाला तसं आधी सांगा आणि तो भाग दुसऱ्याकडे द्या. नुसती ओळख असेल तर चहा तपासणी संपल्यावर घ्या.

टीममध्ये एक स्त्रीरोगतज्ज्ञ, लेबर रूममध्ये काम केलेली एक सिस्टर आणि नवजात बाळांचं कळणारं एक माणूस हवंच. नुसते प्रशासनातले लोक गेले तर फायली तपासून परत येतात.

हॉस्पिटलकडून मागल्या तीन महिन्यांचे आकडे आधीच मागवा: एकूण बाळंतपणं, सिझेरियन, बाहेर पाठवलेल्या केसेस, रक्त चढवलेल्या बायका, मृत जन्म, एसएनसीयूत (आजारी नवजात बाळांच्या कक्षात) गेलेली बाळं. रक्ताचा आकडा ब्लड बँकेकडूनही घ्या. लेबर रूमच्या रजिस्टरमध्ये बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावाच्या दोन केसेस आणि ब्लड बँकेत त्याच काळात बाळंतिणींसाठी नऊ पिशव्या गेलेल्या, असं दिसलं तर कुठून सुरुवात करायची ते घरबसल्या ठरलं.

गेटपासून आत

ऑफिसात न बसता आधी गेटवर जा आणि कळा सुरू झालेली बाई जशी येईल तशा आत या. रिक्षातून उतरल्यावर कुणाला विचारायचं? पाटी कोणत्या भाषेत आहे? कोकणी-मराठीत आहे म्हणून समाधान मानू नका. म्हापशाच्या किंवा मडगावच्या जिल्हा हॉस्पिटलात येणाऱ्या कित्येक बायका कन्नड नाहीतर हिंदी बोलणाऱ्या असतात, आणि काहींना कुठलीच लिपी वाचता येत नाही. केस पेपर काढायला रांग आहे का? रात्री कॅज्युअल्टीतून लेबर रूमकडे जाणारं दार कुलूपबंद असतं का, आणि चावी कुणाकडे? लिफ्ट बंद पडली तर स्ट्रेचर वर कसं नेतात? हे सगळं स्वतः चालून, घड्याळ लावून पाहायचं. विचारून खरं उत्तर मिळत नाही. कुणी खोटं बोलतं असं नव्हे, रोजच्या वाटेवरचा खड्डा रोज चालणाऱ्याला दिसेनासा होतो.

वेळ निवडता येत असेल तर ड्युटी बदलते ती वेळ निवडा. एका शिफ्टची सिस्टर दुसरीला पेशंट कसे सोपवते हे भिंतीला टेकून मुकाट्याने ऐका. खाटेपाशी उभं राहून, कागद हातात घेऊन, “हिचं बीपी दोनदा वाढलंय, चार वाजता परत बघ” असं सांगणं वेगळं. टेबलापाशी “सगळ्या नॉर्मल, तीन नंबर सिझर” म्हणून पर्स उचलणं वेगळं. माझ्या मते अख्ख्या तपासणीतली ही सगळ्यात मोलाची पंधरा मिनिटं. आणि एकदा तरी रात्री जा. सकाळी दहा वाजता कुठलीही लेबर रूम सजवता येते.

“आहे का?” विचारू नका, “करून दाखवा” म्हणा

लेबर रूममध्ये सात ट्रे असायला हवेत: डिलिव्हरी, एपिसिऑटमी (योनीमार्गाला छेद द्यायचा), बाळाचा, औषधांचा, इमर्जन्सी औषधांचा, एमव्हीएचा (पिशवी हातपंपाने रिकामी करायचा) आणि पीपीआययूसीडीचा (बाळंतपणानंतर तांबी बसवायचा). नवखा तपासनीस ट्रे मोजतो आणि टिक मारतो. तुम्ही ट्रे उघडा.

बीपी वाढून येणाऱ्या झटक्यांवरचं मॅग्नेशियम सल्फेट घ्या. पहिला पूर्ण डोस १४ ग्रॅमचा: ४ ग्रॅम शिरेतून, ५-५ ग्रॅम दोन्ही कुल्ल्यांत. अँप्यूल १ ग्रॅमची असेल तर १४ अँप्यूल लागतात. ट्रेमध्ये चारच सापडल्या तर “औषध उपलब्ध” लिहिणं ही फसवणूक आहे, कारण झटके आलेल्या बाईसाठी रात्री कुणीतरी स्टोअरची चावी शोधत धावणार. शेजारी त्याचा उतारा, कॅल्शियम ग्लुकोनेट, आहे का पाहा. मग ड्युटीवरच्या सर्वांत नव्या सिस्टरला विचारा की पुढचा डोस देण्याआधी काय तपासणार. श्वास, गुडघ्याची प्रतिक्षिप्त हालचाल आणि लघवी ही तीन उत्तरं न अडखळता यायला हवीत. इनचार्जना विचारू नका, त्यांना येतच असतं.

ऑक्सिटोसिन फ्रिजमध्ये, २ ते ८ अंशांत. फ्रिजवर तापमानाचा तक्ता लटकलेला असेल. महिनाभर रोज दोन्ही वेळा बरोब्बर ४ अंश लिहिलेलं दिसलं तर आतल्या थर्मामीटरकडे नजर टाका, असला तर. आमच्याकडे पावसाळ्यात वीज जाते हे कुणाला सांगायला नको. जुलैच्या तक्त्यातही रेघ सरळ असेल तर तो तक्ता एका बैठकीत भरलेला आहे. जनरेटर सुरू व्हायला किती वेळ लागतो आणि तोवर बाळाचा वॉर्मर व सक्शन कशावर चालतात, हेही पाहून घ्या.

बाळाची बॅग आणि मास्क. मास्क ० आणि १ या दोन्ही मापांचे हवेत, एक कमी दिवसांच्या बाळासाठी, दुसरा पूर्ण दिवसांच्या. बॅग तळहातावर दाबून पाहा, झडप काम करते की नाही कळतं. न रडलेल्या बाळाला पहिल्या मिनिटाच्या आत श्वास द्यायला सुरुवात व्हायला हवी, म्हणून बाहुलीवर करून दाखवायला सांगा आणि सेकंद मोजा. ऑक्सिजन सिलिंडर भरलेला आहे म्हणतील, तेव्हा तो उघडायची चावी मागा. ही चावी नेमकी हवी तेव्हा कुठे जाते हे एक कोडंच आहे.

जंतुसंसर्ग आणि कचऱ्याबद्दल जास्त सांगत नाही, कारण तिथे चेकलिस्टच पुरेशी बारीक आहे. वार पिवळ्या पिशवीत जाते, सुया पांढऱ्या डब्यात; आणि हे झाडू मारणाऱ्या मावशींना विचारा, डॉक्टरांना नव्हे.

केस पेपर कुणी निवडायचे

तुम्ही. दहा केस पेपर काढून ठेवलेले असतील, ते नम्रपणे बाजूला ठेवा. रजिस्टर घ्या आणि स्वतः निवडा: रक्त चढवलेल्या, रात्री बारा ते पाचमध्ये बाळंत झालेल्या, बाहेर पाठवलेल्या, बाळ एसएनसीयूत गेलेल्या. एखादी सरळ साधी केसही घ्या, म्हणजे रोजची सवय कळेल.

पार्टोग्राफ, म्हणजे प्रसूती कशी पुढे सरकते त्याचा आलेख, आधी पाहा. बाळाचे ठोके दर अर्ध्या तासाने, पिशवीच्या तोंडाची तपासणी चार तासांनी, अशा नोंदी अपेक्षित असतात. खऱ्या पार्टोग्राफवर पेन बदलतं, अक्षर बदलतं, एखादी नोंद वीस मिनिटं उशिराची असते, कुठे रक्ताचा नाहीतर चहाचा डाग असतो. सगळे ठिपके एकाच शाईत, एका वळणात आणि आलेखावर छापलेल्या इशाऱ्याच्या रेषेला समांतर असतील तर तो बाळंतपणानंतर बसून काढलेला आहे. तरी लगेच शून्य देऊन मोकळं होऊ नका. त्या रात्री किती बायका होत्या आणि किती सिस्टर होत्या ते ड्युटी रोस्टरवरून पाहा. एकटीवर चार बायका सोपवून दर अर्ध्या तासाची नोंद मागणाऱ्याचा तो दोष आहे, आणि अहवालात तसंच लिहायचं.

रक्तस्रावाचा रकाना तर मी नेहमी बोट ठेवून वाचते. ओळीने २०० मिली, २०० मिली, २०० मिली. डोळ्यांनी अंदाज घेतला की तो बहुतेक कमीच येतो. नैसर्गिक बाळंतपणात ५०० मिलीच्या वर गेलं की त्याला पीपीएच, म्हणजे बाळंतपणानंतरचा अतिरक्तस्राव, म्हणायचं. पण मोजलंच नाही तर कुणाचंच ५०० च्या वर जात नाही. रक्त कशात जमा करतात, कापडं वजन करतात का, हे विचारा. बाळ झाल्यावर एका मिनिटात १० युनिट ऑक्सिटोसिन स्नायूत दिल्याची वेळ लिहिलेली आहे का, की नुसतं “दिलं”?

सिझेरियनच्या बाबतीत दोन प्रश्न वेगळे ठेवा. तातडीचं सिझेरियन ठरल्यापासून बाळ बाहेर येईपर्यंत किती वेळ गेला, हा सुरक्षिततेचा प्रश्न. अर्ध्या तासाचा निकष बहुतेक ठिकाणी मानतात. ते सिझेरियन लागतच होतं का, हा दुसरा. सुरुवातीला सांगितलेल्या कुटुंब आरोग्य पाहणीत गोव्यात ३९.५ टक्के बाळंतपणं सिझेरियनने झालेली आहेत, देशात २१.५ टक्के. एकटा टक्का कुणाचाच गुन्हा सिद्ध करत नाही, कारण मोठ्या हॉस्पिटलात गुंतागुंतीच्या केसेस येणारच. म्हणून बायकांचे दहा गट पाडणारं रॉब्सन वर्गीकरण विभाग भरतो का ते पाहा. पहिलटकरीण, पूर्ण दिवस, डोकं खाली, कळा आपोआप आलेल्या. या गटातलं सिझेरियनचं प्रमाण वाढत असेल आणि त्यावर विभागात कुणी बोललेलंच नसेल, तर तिथे थांबायचं.

पाठवलेली बाई पोचली का

आपल्याकडे साखळी साधारण ठरलेली: काणकोण, वाळपई, पेडणे अशा ठिकाणाहून मडगाव किंवा म्हापसा, आणि तिथून बांबोळीचं गोमेकॉ, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेज. शिवाय दोडामार्ग, सावंतवाडीकडच्या बायकाही बांबोळीला येतात. काणकोणहून मडगावला येताना करमल घाट लागतो. पावसात, रात्री, १०८ च्या गाडीत, बीपी १७० असलेली बाई. हे डोळ्यांसमोर आणून मग रेफरलची चिठ्ठी वाचा. निघण्याआधी मॅग्नेशियम सल्फेट दिलं का? कधी? बरोबर कोण गेलं? पुढच्या हॉस्पिटलला फोन केला का, आणि तिथे कुणी उचलला त्याचं नाव लिहिलं आहे का? “पुढील उपचारासाठी पाठवले” एवढ्याच ओळीची चिठ्ठी म्हणजे जबाबदारी गाडीत बसवून दिली.

दोन्ही टोकं तपासता आली तर उत्तमच. पाठवणाऱ्याकडे विचारा की त्या बाईचं पुढे काय झालं. “माहीत नाही” हे उत्तर इतक्यांदा येतं की ते चेकलिस्टमध्ये छापायला हरकत नाही.

बाळंतिणीशी बोलताना

चेकलिस्टमध्ये पुरावा मिळवायचे चार मार्ग दिलेले असतात: पाहणं, कर्मचाऱ्यांशी बोलणं, नोंदी वाचणं आणि रुग्णाशी बोलणं. शेवटचा मार्ग बहुतेक टीम पाच मिनिटांत उरकतात, वॉर्डच्या मधोमध, सिस्टर शेजारी उभी असताना. “सगळं बरं आहे ना, बाय?” “हो.” झालं.

तिच्याजवळ स्टुलावर बसा. सिस्टरना आणि नवऱ्याला जरा बाहेर थांबायला सांगा. बाई कन्नड बोलणारी असेल तर दुभाषा टीमने आपला न्यावा, वॉर्डातल्या मावशींकडून भाषांतर करून घेऊ नये. तक्रार त्यांच्याबद्दलचीही असू शकते. प्रश्न असे विचारा की “हो-नाही”त उत्तर देता येणार नाही. पहिल्यांदा आलात तेव्हा कुणी काय केलं? टाके घालताना काय सांगितलं? कळा देताना जवळ कोण होतं? सोबतीला एक बाईमाणूस राहू द्यायची परवानगी केंद्राने २०१६ मध्येच दिली आहे, तरी दाराबाहेर बसलेली सासू किंवा आई दिसते. बाहेरून काय विकत आणायला लावलं? जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात २०११ पासून सरकारी हॉस्पिटलात औषधं, तपासण्या, रक्त, जेवण, गाडी सगळं मोफत आहे, म्हणून मेडिकल स्टोअरची पावती उशाखाली सापडली तर तिचा फोटो घ्या, बाईचं नाव झाकून.

कुणी ओरडलं का, मारलं का, हा प्रश्न शेवटी आणि हळू आवाजात. ती गप्प झाली तर तेही टिपून ठेवा, पण गप्प राहण्याला गुण देऊ नका.

नेतृत्व कसं दिसतं

इथे नवख्यांची सगळ्यात गफलत होते, कारण त्यांना वाटतं की नेतृत्व म्हणजे सुपरिंटेंडंटच्या केबिनमधली मुलाखत. केबिनमध्ये जाच, पण सगळ्यात शेवटी. तोवर तुमच्याकडे विचारायला ठोस काहीतरी असेल.

इंग्लंडमध्ये केअर क्वालिटी कमिशन ही तपासणी संस्था आहे. तिने २०२२-२३ मध्ये प्रसूती विभागांच्या खास मोहिमेत १३१ ठिकाणं तपासली, आणि दोनच गोष्टींवर भर दिला: विभाग सुरक्षित आहे का, आणि नीट चालवला जातो का. सुरक्षिततेत सर्वोच्च श्रेणी एकालाही मिळाली नाही. ४७ टक्क्यांना सुधारणा हवी, १८ टक्के अपुरे. ज्या देशात पैसा, यंत्रं आणि कागद आपल्यापेक्षा कितीतरी जास्त, तिथली ही गत. त्याआधी इंग्लंडमधल्याच मोरेकॅम्ब बे इथल्या प्रसूती विभागाच्या चौकशीचा अहवाल २०१५ मध्ये आला. तिथे एक माता आणि ११ बाळं वेगळे उपचार मिळाले असते तर वाचली असती, असा निष्कर्ष निघाला. मुळाशी सुईणी, स्त्रीरोगतज्ज्ञ आणि बालरोगतज्ज्ञ यांचं एकमेकांशी पटत नव्हतं, हेही एक कारण होतं. म्हणून डॉक्टर-सिस्टर एकमेकांशी कसे बोलतात हा फावल्या वेळचा विषय समजू नका.

तपासायचं कसं? ड्युटीवरच्या सिस्टरला एकटीला गाठा: “रात्री बाळाचे ठोके उतरले आणि ज्युनियर डॉक्टर म्हणाले थांबू या, तर तुम्ही काय कराल?” थेट कन्सल्टंटना फोन लावेन, हे उत्तर लगेच आलं तर विचारा, शेवटचा असा फोन कधी केला होता आणि पलीकडून काय ऐकायला मिळालं. एकदा झापून घेतलेली सिस्टर दुसऱ्यांदा फोन करत नाही. मग कन्सल्टंटना तोच प्रश्न उलटा विचारा. दोन उत्तरं जुळतात का, यावरून विभाग कसा चालतो ते पुष्कळसं कळतं.

मग मीटिंगचं रजिस्टर. मिनिट्स सुवाच्य आहेत का हे नका पाहू. मार्चमधलं “सक्शन मशीन दुरुस्त करणे” जूनमध्येही तसंच आहे का ते पाहा. बालरोगतज्ज्ञ आणि भूलतज्ज्ञ मीटिंगला येतात का, की फक्त सह्या येतात?

आणि मृत्यू व थोडक्यात बचावलेल्या केसेसचा आढावा. मातामृत्यूची खबर हॉस्पिटलच्या नोडल अधिकाऱ्याने २४ तासांत वर कळवायची असते, पुढे समिती बसते, आणि कुणाचं नाव घेऊन दोष द्यायचा नाही हा तिथला नियम. थोडक्यात बचावलेल्या मातांच्या आढाव्याच्या मार्गदर्शक सूचना २०१४ पासून आहेत. तरी तालुक्याच्या हॉस्पिटलात मृत्यूच नसतात, म्हणून आढाव्याची फाइल कोरी. याच फाइलसाठी मी सुरुवातीला आकड्यांबद्दल एवढं बोलले. पिशवी काढावी लागलेली बाई, पाच बाटल्या रक्त लागलेली बाई, झटके आलेली बाई; यांतल्या एखाद्या केसवर सगळे बसून बोलले का? त्यानंतर नक्की कोणती गोष्ट बदलली? “सर्वांना काळजी घेण्याच्या सूचना दिल्या” हा बदल नव्हे. पीपीएचचा वेगळा डबा तयार केला, रात्रीच्या कॉलचा क्रमांक भिंतीवर लावला, हा बदल. ज्युनियरला मेमो दिला आणि प्रकरण मिटवलं असं दिसलं तर पुढच्या वेळी तिथे कुणी काही सांगणार नाही, हे अहवालात स्पष्ट लिहा.

आता सुपरिंटेंडंटच्या केबिनमध्ये. लेबर रूममध्ये तयार झालेल्या सिस्टरची तीन महिन्यांत दुसऱ्या वॉर्डात बदली का होते, रिक्त जागांसाठी वर काय लिहिलं आणि पाठपुरावा कधी केला, रात्री भूलतज्ज्ञ नसेल तर काय ठरलं आहे, आणि ते स्वतः लेबर रूममध्ये शेवटचे कधी गेले होते. हा शेवटचा प्रश्न मावशींना आधीच विचारून ठेवा.

खाजगी हॉस्पिटलात असाल तर एनक्वासऐवजी ‘फॉग्सी’ या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या ‘मान्यता’ उपक्रमातले १६ निकष समोर असतील. वरचे सगळे प्रश्न तिथेही तसेच चालतात. फक्त रात्री डॉक्टर हॉस्पिटलात असतो की घरी, हे अधिक खोदून विचारावं लागतं.

गुण आणि अहवाल

प्रत्येक मुद्द्याला ०, १ किंवा २. लक्ष्यच्या प्रमाणपत्रासाठी किमान ७० टक्के लागतात आणि सगळा ताण या ७० पाशी येतो. ६८ वर आलेल्या विभागाला दोन-चार ठिकाणी १ चे २ करून वर ढकलायचा मोह होईल, आणि चहा घेऊन आलेलं कुणीतरी तसं सुचवेलही. प्रत्येक गुणापुढे पुरावा लिहिलेला असेल तर हा मोह आपोआप अडतो: काय पाहिलं, कुठे, किती वाजता.

जीवाला धोका असेल अशी गोष्ट अहवालासाठी राखून ठेवू नका. बाळाची बॅग फाटलेली, मॅग्नेशियम सल्फेट नाही, रात्रीच्या भूलतज्ज्ञाची सोय नाही; हे त्याच क्षणी इनचार्ज आणि सुपरिंटेंडंटना सांगायचं, आणि बॅग बदलल्याशिवाय हॉस्पिटल सोडायचं नाही.

निघण्याआधी सगळ्यांना एकत्र बसवून तोंडी सांगा, मावशींसकट. जे चांगलं दिसलं ते नावानिशी, जे चुकलं ते कामानिशी. अहवालात “प्रशिक्षणाची आवश्यकता आहे” असली वाक्यं लिहू नका, त्यांतून कुणालाच काही करावं लागत नाही. “रात्रीच्या पाळीतल्या तीनपैकी दोन सिस्टरना बॅग-मास्क वापरता आलं नाही, इनचार्जनी १५ तारखेपर्यंत सराव घ्यावा” असं लिहा. प्रत्येक कामापुढे एक माणूस आणि एक तारीख. “सर्व संबंधित” हा माणूस नव्हे.

लक्ष्यमध्ये सुधारणेची फेरी साधारण दोन महिन्यांची धरतात. तेवढा वेळ द्या आणि परत जा. या वेळी कळवू नका, रात्री जा, आणि आधी तो मॅग्नेशियम सल्फेटचा ट्रे उघडा.